अग्रवादी व पश्चिमवादी : वादसभेच्या संज्ञांचा एक मागोवा

मराठेशाहींतील महजर व निवाडपत्रें ज्यांच्या हाताखालून गेलीं आहेत, त्यांस 'अग्रवादी' आणि 'पश्चिमवादी' हे शब्द नवे नाहींत. वतनाच्या भांडणांत जो फिर्याद घेऊन दिवाणांत किंवा गोतांत उभा राहतो तो अग्रवादी, आणि ज्यास उत्तर देण्याकरितां बोलाविलें जातें तो पश्चिमवादी. लेखकाच्या हातून कधीं 'पश्चमवादी' असेंही पडतें. नवशिक्या वाचकास हा कोणी पश्चिमेकडील गांवाहून आलेला भांडखोर वाटावा. परंतु येथें 'पश्चिम' म्हणजे मागाहूनचा, एवढाच अर्थ. या दोन शब्दांचें मूळ धुंडाळीत गेल्यास आपण कचेरींतून निघून पंडितांच्या वादसभेंत जाऊन पोंचतों, व तेथें जो प्रश्न उभा राहतो तो केवळ शब्दव्युत्पत्तीचा राहत नाहीं. वादांत हरला म्हणजे नेमकें काय झालें, या प्रश्नाचीं आपल्या पूर्वजांनीं निरनिराळीं उत्तरें दिलीं आहेत. त्या उत्तरांचा परस्परसंबंध दाखविणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

धर्मशास्त्रांत या दोघांस सामान्यतः अर्थी व प्रत्यर्थी म्हणतात. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत पूर्ववादी व उत्तरवादी असेही शब्द आहेत. 'अग्र' हा शब्द मात्र मला जेथें ठळकपणें भेटला, तें स्थळ धर्मशास्त्रांत नसून जैन न्यायांत आहे. वादि देवसूरि (विक्रम संवत् ११४३ ते १२२६) यांच्या 'प्रमाणनयतत्त्वालोक' या सूत्रग्रंथाचा आठवा परिच्छेद सर्वस्वीं वादासंबंधीं आहे. त्यांत सभ्यांचीं कर्तव्यें सांगतांना, वादस्थान व कथेचा प्रकार उभयतांकडून मान्य करवून घेतल्यावर अग्रवाद कोणाचा व उत्तरवाद कोणाचा हें सभ्यांनीं नेमून द्यावें, असें स्पष्ट विधान आहे. यावरून महजर लिहिणाऱ्या आमच्या कुलकर्ण्यांनीं देवसूरि वाचला होता, असें अनुमान कोणीं काढूं नये. दोघांनींही एकाच जुन्या लोकरूढींतून शब्द उचलला, इतकेंच म्हणणें सुरक्षित आहे. परंतु ती रूढि एक होती, सभा एका घडणीची होती, हें मात्र पुढील पुराव्यावरून दिसून येईल.

देवसूरींच्या मतें वाद चतुरंग आहे : वादी, प्रतिवादी, सभ्य आणि सभापति. दोन्ही सिद्धांत जाणणारे, धारणाशक्ति असलेले, बहुश्रुत, प्रतिभावान्, क्षमाशील, मध्यस्थ व वादी-प्रतिवादी दोघांनाही मान्य असे ते सभ्य. सभापति प्रज्ञा, आज्ञा चालविण्याचें ऐश्वर्य, क्षमा व माध्यस्थ्य यांनीं युक्त पाहिजे. सभ्यांनीं साधक व बाधक भाषणांचे गुणदोष ठरवावे, प्रसंग पाहून तत्त्व प्रकट करून कथा थांबवावी व तिचें फळ सभेंत सांगावें. कलह मिटविणें हें सभापतीचें काम. बोलण्याच्या मर्यादेचा नियमही मार्मिक आहे. दोघेही जिंकण्याच्या इच्छेनें आले असतील तर सभ्यांस अपेक्षा असेल तोंवरच त्यांनीं बोलावें. दोघेही तत्त्वनिर्णयाच्या इच्छेनें आले असतील तर निर्णय होईपर्यंत किंवा सुचेनासें होईपर्यंत बोलण्यास हरकत नाहीं. म्हणजे घड्याळ लावावें लागतें तें विजिगीषूंना. आजच्या महाविद्यालयांतील वादस्पर्धांतून मिनिटें मोजणारा मनुष्य घंटी घेऊन बसतो, त्याच्या आसनाचें समर्थन या सूत्रांत सांपडतें.

या चौकटीशेजारीं महजराची चौकट ठेवून पाहावी. आधीं उभय पक्षांकडून राजीनामा घेत. (आज या शब्दाचा अर्थ चाकरी सोडणें असा झाला आहे, तेव्हां 'या सभेचा निवाडा आम्हांस राजीखुषीनें मान्य' असें लिहून देणें, हा होता.) नंतर जामीन, नंतर अग्रवाद्याची तक्रीर किंवा करिना, त्यावर पश्चिमवाद्याची, मग साक्षी, कागदपत्र, क्वचित् दिव्य, व शेवटीं हरलेल्यानें येजितखत लिहून द्यावयाचें आणि जिंकलेल्यानें निवाडपत्र न्यावयाचें. जिंकणाऱ्याकडून हरकी व हरणाऱ्याकडून गुन्हेगारी अशा दोन्ही रकमा सरकारांत जमा होत, ही गोष्ट वेगळी. पंडितसभेंत उलट राजानेंच कांहीं तरी द्यावें अशी अपेक्षा असे. वि. त्र्यं. गुणे यांच्या १९५३ सालच्या मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील इंग्रजी ग्रंथांत हीं सर्व अंगें सविस्तर आलीं असल्यामुळें येथें त्यांचा विस्तार करीत नाहीं. लक्षांत घेण्याजोगें इतकेंच कीं, सभा व तिची मर्यादा उभयतांनीं आधीं मान्य करणें, बोलण्याचा क्रम ठरलेला असणें, गुणदोष ठरविणारे निराळे व आज्ञा चालविणारा निराळा असणें, आणि पराजय हा पराजिताच्या कबुलीनें पुरा होणें, हे चारही विशेष दोहींकडे आहेत.

क्रमाचा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. एकच शेत आपणांस दान मिळाल्याचें दोघे सांगतात. अशा वेळीं पूर्ववादी कोण? कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या राज्यांत मिताक्षरा लिहिणारा विज्ञानेश्वर म्हणतो कीं, जो आधीं येऊन निवेदन करतो तो पूर्ववादी नव्हे. 'पूर्वीच्या काळीं मला मिळालें' असें ज्याचें म्हणणें आहे तो पूर्ववादी, व साक्षी प्रथम त्याचेच घ्यावे. म्हणजे येथें 'पूर्व' हें धांवत दिवाणांत पोंचण्यानें ठरत नसून दाव्याच्या आशयानें ठरतें. शास्त्रग्रंथांतील 'पूर्वपक्ष' आणखी निराळा. तो खोडण्याकरितांच मांडलेला असतो, व बहुधा ग्रंथकारच तो प्रतिपक्ष्याच्या तोंडीं घालतो. कायद्यांत पूर्वपक्ष म्हणजे दावा, शास्त्रांत पूर्वपक्ष म्हणजे खंडनीय मत, व वादसभेंत पूर्वपक्ष म्हणजे प्रथम भाषण. या तिहींची गल्लत झाल्यामुळें पोथ्यांच्या सूचींत ग्रंथकाराच्या माथीं त्यानें खोडलेलेंच मत मारलें जाण्याचा धोका असतो.

आतां पराजयाकडे वळूं. गौतमाच्या न्यायसूत्रांत कथेचे तीन प्रकार आहेत. प्रमाण व तर्क यांनीं, आपल्या सिद्धांतास बाध न आणतां, पंचावयव वाक्यानें चालणारा तो वाद. त्यांतच छल, जाति व निग्रहस्थानें यांचा उपयोग केला म्हणजे जल्प. आणि स्वतःचा पक्ष न मांडतां केवळ दुसऱ्याचा खोडणें म्हणजे वितंडा. मराठींत 'वितंडवाद' हा शब्द घरोघरीं गेला, 'जल्पणें' म्हणजे बडबडणें झालें, पण मूळ पारिभाषिक भेद लोप पावला. छल तीन प्रकारचा. 'नव' घोंगडी म्हणजे नवी कीं नऊ, हा वाक्छलाचा उदाहरणश्लेष प्रत्येक न्यायपाठशाळेंत पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. जाति चोवीस आणि निग्रहस्थानें बावीस. दोघेही खोट्या उत्तरांवर उतरले तर तीन-तीन भाषणांनंतर कथा निष्फळ होते, तिला षट्पक्षी असें नांव आहे.

हीं बावीस निग्रहस्थानें म्हणजे वस्तुतः सभेच्या नियमांची यादीच होय. प्रतिज्ञा सोडणें, बदलणें, तिच्या विरुद्ध बोलणें. मध्येंच नवा हेतु घुसडणें. विषय सोडून बोलणें. तीन वेळां सांगूनही सभेला व प्रतिवाद्याला न समजेल असें बोलणें. सभेला समजलेलें व तीन वेळां सांगितलेलें प्रतिपक्ष्याचें वाक्य पुन्हा म्हणून न दाखविणें. उत्तर न सुचणें. कांहीं कामाचें निमित्त करून उठून जाणें. प्रतिपक्षी निग्रहांत सांपडला असतां तिकडे दुर्लक्ष करणें. आणि तो सांपडला नसतां सांपडला म्हणून ओरडणें. यांतील 'अननुभाषण' या नियमाची मला विशेष मातब्बरी वाटते. प्रतिपक्ष्याचें म्हणणें आधीं त्याच्याच अर्थानें म्हणून दाखवावयाचें व मग खोडावयाचें, हें बंधन आज पाळावयाचें ठरविलें तर बरीच व्यासपीठें ओस पडतील.

आतां नारदस्मृतींत हीन ठरणाऱ्या पक्षकाराचे जे पांच प्रकार दिले आहेत ते पाहावे : दुसरेंच बोलणारा, पुरावा टाळणारा, हजर न होणारा, निरुत्तर होणारा व बोलावतांच पळ काढणारा. अन्यवादी म्हणजे प्रतिज्ञांतर करणाराच; निरुत्तर म्हणजे अप्रतिभा; पळ काढणें म्हणजे विक्षेप. न्यायशाळा व न्यायसभा या दोन्ही ठिकाणीं एकाच अनुभवानें नियम घडविले, याविषयीं मला संशय वाटत नाहीं. परंतु एका मुद्द्यावर त्या फांकतात, आणि तोच या विषयाचा कळीचा भाग आहे. जल्पांत जीभ घसरली कीं पक्ष हरला. धर्मशास्त्र तसें म्हणत नाहीं. राजानें छल बाजूस सारून वस्तुस्थितीनें व्यवहार निकालांत काढावे, असें याज्ञवल्क्याचें शासन आहे. आणि द्रव्याच्या वादांत बोलण्याच्या चुकीनें दंड झाला तरी मूळ अर्थ बुडत नाहीं, असें मिताक्षराकार नारदाच्या आधारें ठरवितो. पाटिलकीचें वतन तक्रिरींतील एका चुकीच्या शब्दानें जाऊं नये, ही व्यवहाराची गरज होती. पंडिताचें मत मात्र एका शब्दानें जात असे.

हें अन्यायाचें आहे असें पंडितांतही कांहींना वाटलें. बौद्ध नैयायिक धर्मकीर्ति यानें 'वादन्याय' नांवाचें छोटेखानी प्रकरण केवळ याच प्रश्नावर लिहिलें. त्याच्या मतें गौतमाचीं बावीस स्थानें बहुतांशीं निरर्थक आहेत. निग्रहाचीं कारणें दोनच : वाद्यानें साधनाचें अंग नसलेलें बोलणें किंवा असलेलें न बोलणें, आणि प्रतिवाद्यानें खरा दोष न दाखविणें किंवा दोष नसलेलें दोष म्हणून दाखविणें. हा ग्रंथ संस्कृतांत लुप्त झाला असें समजलें जात होतें. राहुल सांकृत्यायन यांनीं तिबेटांतून त्याची संस्कृत प्रत मिळविली व शांतरक्षिताच्या टीकेसह ती १९३५-३६ त बिहार-ओरिसा संशोधन संस्थेच्या त्रैमासिकाची पुरवणी म्हणून प्रसिद्ध झाली. तत्पूर्वीं १९२९ त तुच्ची यांनीं दिङ्नागपूर्व बौद्ध वादग्रंथ बडोद्याच्या गायकवाड मालेंत काढले. त्यांतील 'उपायहृदय' व 'तर्कशास्त्र' चिनी भाषांतरावरून पुन्हा संस्कृतांत आणावे लागले होते. पैकीं 'उपायहृदया'चें चिनी भाषांतर इ. स. ४७२ चें. आपल्या देशांतील सभेचे नियम आपल्याला असे देशाबाहेरून परत आणावे लागले.

जैन आचार्य अकलंक यानें धर्मकीर्तीलाही पुरेसें मानिलें नाहीं. दुसऱ्याचा दोष दाखविल्यानें आपण जिंकत नाहीं. आपला पक्ष सिद्ध झाला तरच जय, व एकाची पक्षसिद्धि तोच दुसऱ्याचा निग्रह, असा त्याचा निकाल आहे. एखाद्यानें एक शब्द अधिक बोलला म्हणून त्याचें सत्य मत पडावें व दुसऱ्याचें खोटें मत उभें राहावें, हें त्यास मान्य नाहीं. हा विचार याज्ञवल्क्याच्या 'छल बाजूस सारून' या धोरणाच्या किती जवळ येतो, तें वाचकांच्या ध्यानीं आलेंच असेल. अकलंकाच्या 'सिद्धिविनिश्चय' ग्रंथांतील जल्पसिद्धि हें प्रकरण या बाबतींत महत्त्वाचें. तो मूळ ग्रंथही स्वतंत्र पोथीरूपानें उरलेला नाहीं. अनंतवीर्याच्या टीकेंतून वेंचून महेंद्रकुमार जैन यांनीं तो जुळविला व १९५९ त प्रसिद्ध केला.

सिद्धांत असे उदार होत गेले तरी प्रत्यक्ष सभा तितक्या उदार नव्हत्या. चरकसंहितेच्या विमानस्थानांत वैद्यांच्या संभाषेचे संधाय व विगृह्य असे दोन भेद, प्रतिवाद्याचे श्रेष्ठ-कनिष्ठ-सम असे तीन, आणि परिषदेचे ज्ञानवती व मूढ हे दोन व त्यांत पुन्हां सुहृत्, उदासीन व प्रतिनिविष्ट असे प्रकार दिले आहेत. सगळ्यांत मोकळेपणा पुढेंच आहे : परिषदेशीं आधींच संधान बांधून प्रतिवाद्यास अवघड जाईल असा विषय तिच्याकडूनच सुचवावा, आणि वर आपण 'वाद व वादमर्यादा परिषदच ठरवील' म्हणून स्वस्थ बसावें. ग्रंथकारानें हें लपविलें नाहीं, याबद्दल त्याचे आभारच मानले पाहिजेत. इ. स. ६४३ च्या सुमारास कनोजास हर्षानें भरविलेल्या सभेंत ह्युएनत्संगाची प्रतिज्ञा दाराशीं टांगली होती, व तींत चूक काढील त्यास आपलें डोकें देण्याची भाषा होती. अठरा दिवस कोणीं पुढें आलें नाहीं, असें त्याचा चरित्रकार अभिमानानें सांगतो. पण आचार्यास इजा करणाऱ्याचा शिरच्छेद व निंदा करणाऱ्याचा जिव्हाच्छेद होईल, असें राजाज्ञापत्रही तोच नमूद करतो. अशा सभापतीपुढें कोणाची प्रतिभा चालावी?

महाराष्ट्राचा या सभांशीं आलेला संबंध शिलालेखांत टिकला आहे. श्रवणबेळगोळच्या चंद्रगिरीवरील शके १०५० च्या मल्लिषेणप्रशस्तींत समंतभद्राच्या तोंडीं जें दिग्विजयवर्णन आहे, त्यांत पाटलिपुत्रांत वादाची भेरी वाजविल्यावर माळवा, सिंधु, ठक्क, कांची व विदिशा करीत तो अखेर करहाटकास, म्हणजे आपल्या कऱ्हाडास, येतो. आणि त्या नगरीचीं विशेषणें वीरांनीं व विद्येनें गजबजलेली अशा अर्थाचीं आहेत. प्रशस्ति समंतभद्रानंतर कित्येक शतकांनीं कोरलेली असल्यामुळें त्याच्या काळाचा पुरावा म्हणून ती घेतां येत नाहीं. पण शके १०५० च्या सुमारास कऱ्हाड हें वादाचें ठिकाण म्हणून नांवाजलेलें होतें, एवढें तीवरून खास ठरतें. तिच्या चारच वर्षें आधीं, विक्रम संवत् ११८१ त, अणहिलवाड पाटणास सिद्धराज जयसिंहाच्या सभेंत वर सांगितलेल्या देवसूरींचा कर्नाटकांतून आलेल्या दिगंबर कुमुदचंद्राशीं वाद झाला. स्त्रियांस मोक्ष मिळूं शकतो कीं नाहीं, हा त्यांतील मुख्य विषय. दिगंबर हरले तर त्यांनीं पाटण सोडावें, श्वेतांबर हरले तर त्यांनीं दिगंबर मत घ्यावें, असा पण होता. दोन व्यक्ति बोलत होत्या, पण हरजीत संपूर्ण संघाची होती. एका आचार्याची वाणी अडखळली कीं शेंकडों कुटुंबांच्या पायांखालचें गांव सुटावयाचें. देवसूरि जिंकले. सभ्यांचीं कर्तव्यें इतक्या बारकाईनें सूत्रबद्ध करणारा पुरुष स्वतः अशा सभेंत उभा राहिलेला होता, हें त्या आठव्या परिच्छेदाचें मोल वाढविणारें आहे.

परंतु या वादाची हकीकत आपणांस कोठून मिळते? यशश्चंद्राचें 'मुद्रितकुमुदचंद्र' नाटक, प्रभाचंद्राचें 'प्रभावकचरित' (विक्रम संवत् १३३४), मेरुतुंगाचा 'प्रबंधचिंतामणि' (विक्रम संवत् १३६१) हे तिन्ही ग्रंथ श्वेतांबरांचे. कुमुदचंद्र काय बोलला तें त्याला जिंकणाऱ्यांच्या लेखणींतूनच कळतें. त्याच्याच संघाचें अननुभाषण येथें घडलें आहे. अलीकडच्या काळाची स्थिति थोडी बरी. विष्णुबावा ब्रह्मचारी यांनीं १८५७ त मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशीं केलेल्या वादाची नोंद प्रतिपक्षाच्या बोवेन यांनीं छापली असली, तरी बावांचे स्वतःचे ग्रंथही उपलब्ध आहेत. १८७० त पुण्यास शंकराचार्यांसमोर झालेल्या पुनर्विवाहाच्या वादांत विष्णुशास्त्री पंडितांचा पक्ष पडला. तेथें दोन्ही पक्षांचे पंच नेमलेले होते आणि निर्णय बहुमतानें झाला. देवसूरींचा सभ्य उभयतांस मान्य असावा लागे. पुण्याचे पंच प्रत्येक पक्षाचे आपापले होते. चतुरंग सभेचें तिसरें अंग येथें नाहींसें झालें आणि त्याच्या जागीं मतगणना आली. विधवांचें भवितव्य त्या मोजणीवर लोंबकळत होतें, हें लक्षांत घेतलें म्हणजे सभ्यांच्या व्याख्येचा प्रश्न पुस्तकी राहत नाहीं.

संग्राहकांसाठीं दोन गोष्टी नमूद करितों. पोथ्यांच्या गठ्ठ्यांत जीं सुटीं, विनाशीर्षक, पुष्पिका नसलेलीं न्यायाचीं पानें सांपडतात, तीं त्रुटित म्हणून बाजूस टाकण्यापूर्वीं तपासावीं. नव्यन्यायाच्या पंडितांनीं सभेंतील प्रश्नोत्तरांच्या तयारीसाठीं लिहिलेलीं क्रोडपत्रें पुष्कळदां अशींच असतात. कालीशंकरी, चंद्रनारायणी, गोलोकनाथी अशीं त्यांतलीं कांहीं नांवाजलीं, बाकीचीं निनांवीं राहिलीं. एखाद्या मूळ पंक्तीचा त्रोटक उतारा, लागलीच 'ननु' किंवा 'न च', व 'इति वाच्यम्' अशी पुनःपुन्हां येणारी घडण, ही त्यांची खूण. जैन संग्रहांत कूटप्रश्नासारखीं गूढ वाक्यें असलेलीं पानें आढळल्यास तीं कोडीं समजूं नयेत. लेखी प्रतिज्ञा गूढ पदांनीं बांधून प्रतिवाद्याकडे धाडण्याची 'पत्र' नांवाची रीत होती, व तिच्यावर विद्यानंदाची 'पत्रपरीक्षा' आहे.

दुसरी गोष्ट येजितखतांविषयीं. हा कागद हरलेला लिहून देतो, पण तो राहतो जिंकलेल्याच्या दप्तरीं. महजर छापतांना तो कोणाच्या घरीं मिळाला हें आमचे संपादक बहुधा तळटीपेंतही देत नाहींत. घराचें नांव नोंदलेलें असलें तर त्याच वतनाच्या दुसऱ्या शाखेकडे जाऊन पश्चिमवाद्याच्या करिन्याची नक्कल शोधतां येते. अशी नक्कल हरलेल्यानें फाडून टाकली नसेल तर ती देवघरांतल्या बासनांत नव्हे, माळ्यावरच्या निरुपयोगी रुमालांत असावयाची.